विषादाची औषधे आणि उपस्थात्याचे काम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी वैद्यांची चरित्रे लिहिली जातात, औषधांची कीर्ती जाहिरातींतून दुमदुमते, रोग्याची दैना कथा-कादंबऱ्यांतून येते. परंतु उपस्थाता, म्हणजे जो रोग्याच्या उशाशी बसतो तो, इतिहासाच्या पानावर क्वचितच दिसतो. त्याच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे चरकाचे म्हणणे आहे. मनाच्या रोगांपुरते बोलावयाचे तर या चौथ्या मनुष्याचा इतिहास पाहिल्यावाचून औषधाचा इतिहास नीट कळतच नाही, असे आम्हांस वाटते. आणि नागपुरास राहणाऱ्यांस तो पाहण्याची सोय घराजवळच आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. ज्या रोगास हल्ली घरोघरी ‘डिप्रेशन’ म्हणतात त्यास आम्ही येथे विषाद हा जुना शब्द योजीत आहोत. अर्जुनासही विषाद झाला होता, परंतु त्यास औषधाची गरज पडली नाही. इष्टवियोगाने, अपयशाने, कर्जाने मन खिन्न होणे हा मनुष्यधर्म आहे. पण आठवड्यांमागून आठवडे झोप उडावी, अन्नावरची वासना जावी, पोटच्या मुलाकडे पाहूनही आनंद होऊ नये आणि आपण जगण्यास नालायक आहोत असे मनाने घ्यावे, ही अवस्था निराळी. ती रोग होय.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि पुढल्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, आणि १८६४ साली येथे वेड्यांचे इस्पितळ निघाले. राजधानीस तुरुंग, कचेरी व छावणी यांप्रमाणेच हेही हवे, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची समजूत होती. छिंदवाडा रस्त्यावरील ही संस्था आज प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखली जाते. नागपूरकरांच्या तोंडी मात्र ‘पागलखाना’ हे नाव इतके रुळले आहे की, सरकारी पाट्या कितीही बदलल्या तरी रिक्षावाल्यास तोच शब्द लवकर समजतो.

तेथे कोण जात असे? १८५८ च्या कायद्याप्रमाणे रस्त्यात भटकणाऱ्या वा दंगा करणाऱ्या वेड्यास पोलिसांनी धरावे, मॅजिस्ट्रेटापुढे उभे करावे आणि मॅजिस्ट्रेटाने त्यास असायलमात पाठवावे, अशी रीत होती. या रीतीतच एक गोष्ट ठरून गेली. जो ओरडे, मारी, कपडे फाडी तो आत गेला. जो माजघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून निजला, त्याच्याकडे शिपायाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. त्या वेळच्या नोंदवह्यांत ‘मॅनिया’, ‘डिमेन्शिया’ यांच्याबरोबर ‘मेलँकोलिया’ हे सदर असे खरे. पण विषादाचे बहुसंख्य रोगी त्या दारापर्यंत पोहोचलेच नाहीत. ते घरीच राहिले, आणि त्यांची शुश्रूषा, झाली असेल तशी, आईने, बायकोने किंवा विधवा आत्येने केली. कोणी त्यास आळशी म्हटले, कोणी बाहेरचे झाले म्हणून देवऋषी आणला. काही बरे झाले, कारण विषादाचा झटका पुष्कळदा आपोआपही ओसरतो. काही विहिरीत सापडले, व घराण्याच्या अब्रूसाठी पाय घसरला असे सांगण्यात आले.

आत गेलेल्यांपाशी जे बसत त्यांस उपस्थाता म्हणणे धाडसाचे होईल. त्या काळी हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत शिकलेल्या परिचारिका जवळजवळ नव्हत्या. होते ते पहारेकरी. त्यांचे काम रोगी पळू नये व मारामारी होऊ नये एवढेच. रोग्यास काय होते आहे हे पाहणारा कोणी नसला म्हणजे काय घडते याचा एक उत्तम पुरावा १८९३-९४ च्या गांजा-कमिशनाच्या अहवालात मिळतो. गांजामुळे वेड लागते असा समज सरकारदरबारी पक्का होता, व त्यास आधार म्हणून असायलमांचे आकडे दाखवीत. कमिशनाने ब्रिटिश हिंदुस्थानातील असायलमांत १८९२ या एका वर्षात दाखल झालेल्या १३४४ रोग्यांची प्रकरणे उलगडून पाहिली. २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेली होती. कसून चौकशी केल्यावर ९८ पलीकडे कोणाचा संबंध लावता येईना. मग उरलेल्यांपुढे ते कारण आले कोठून? रोग्यास धरून आणणाऱ्या शिपायाने कागद भरताना काहीतरी लिहावयाचे म्हणून लिहिले, आणि तेच पुढे शास्त्र झाले! आम्ही हा अहवाल गांजाचा कैवार घेण्यासाठी सांगत नाही. रोग्याजवळ जो बसला नाही त्याने लिहिलेल्या नोंदीची किंमत किती, एवढेच यातून घ्यावयाचे.

पुढे १९१२ चा कायदा आला, १९२० नंतर ‘असायलम’ ही पाटी उतरून ‘मेंटल हॉस्पिटल’ ही चढली. भोर कमिटीसाठी मूर टेलर यांनी देशातील १९ मनोरुग्णालयांची पाहणी केली तेव्हा, म्हणजे १९४६ च्या सुमारास, चाळीस कोटींच्या देशात एकंदर खाटा १०,१८१ भरल्या. बहुतेक इमारती जुनाट असून त्या बरे करण्यासाठी नव्हे तर कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या आहेत, असा त्यांचा अभिप्राय पडला. पाटी बदलली होती, भिंत तीच होती.

ती भिंत औषधांनी हलविली. परंतु ही औषधे कोणा महापंडिताने योजून शोधून काढली अशी जर वाचकांची समजूत असेल तर ती सोडावी. पहिला धागा तर आपल्याच अंगणातला आहे. सर्पगंधेची मुळी वेडावर व निद्रानाशावर आपल्याकडे पूर्वीपासून देत. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिच्या गुणांविषयी इंग्लंडमधील हृदयरोगाच्या एका नियतकालिकात लेख लिहिला, आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. मग तिचे सत्त्व, रेसर्पिन, हजारो लोक रक्तदाबासाठी घेऊ लागले. त्यांतले काही दिवसेंदिवस मलूल होऊ लागले. दाब उतरला, पण माणूसही उतरला. औषधाने मन खचू शकते हे त्या रोग्यांकडे पाहणाऱ्यांनी टिपले, व मेंदूतील रसायनांचा आणि मनाच्या उभारीचा काही संबंध असावा या विचारास त्यातून चालना मिळाली. ती कल्पना वाटली तितकी सोपी नाही हे आता शास्त्रज्ञही मान्य करतात.

याच्या उलट प्रकार १९५२ साली न्यूयॉर्कजवळच्या स्टॅटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात घडला. तेथे क्षयाच्या रोग्यांस इप्रोनियाझिड हे नवे औषध देत होते. क्षय हटावयाचा तो हटो, पण खंगलेली माणसे वॉर्डात गाऊ-नाचू लागली, जेवण मागू लागली. नेथन क्लाइन यांनी १९५७ साली तेच औषध विषादावर लागू पडते असे जाहीर केले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडातील म्युन्स्टरलिंगेन येथील रोलंड कून यांनी इमिप्रामिनचे गुण प्रसिद्ध केले. हे औषध आधी निराळ्याच मनोरोगावर देऊन पाहिले होते. तेथे ते फसले, उलट काही रोगी अधिकच खवळले. विषादाच्या रोग्यांस दिल्यावर मात्र त्यांच्या चेहऱ्यावरची राख काही दिवसांत झडू लागली. झुरिचच्या परिषदेत कून यांनी हे सांगितले तेव्हा ऐकावयास जेमतेम डझनभर माणसे होती म्हणतात. रोग्यांशी तासन् तास बोलत बसण्याची कून यांस सवय होती. तीवाचून हा फरक कोणाच्या ध्यानात आला नसता. पण त्याच म्युन्स्टरलिंगेनविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की, तेथे अनेक वर्षे कित्येक रोग्यांवर त्यांच्या संमतीवाचून औषधांचे प्रयोग चालले होते. चरकाने दक्षतेच्या जोडीस अनुराग हा निराळा गुण का सांगितला असावा, हे अशा वेळी समजते.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत प्रिय आहे. इप्रोनियाझिडच्या जातीची औषधे घेणाऱ्या काही रोग्यांचे डोके एकाएकी भयंकर दुखे, रक्तदाब भडके, कोणी त्यातच दगावे. कारण कळेना. लंडनचे तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी याविषयी लिहिल्यावर नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याचे त्यांस पत्र आले. त्याची बायको असे औषध घेत होती. चीज खाल्ल्यावर तिचे डोके उठते, लोण्याने काही होत नाही, असे त्याने लिहिले होते. प्रथम लोक हसले. १९६३ साली ब्लॅकवेल यांनी शोध पुरा केला तेव्हा नवऱ्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले: जुनवलेल्या चीजमधील टायरामिन हे द्रव्य या औषधांच्या संगतीत विषासारखे वागते. (आपल्या ताज्या पनीरास घाबरण्याचे कारण नाही, शिवाय त्या जातीची औषधे आता क्वचितच देतात.) जेवणाच्या मेजावर बायकोकडे नीट पाहणाऱ्या एका गृहस्थाने वैद्यकात ही भर घातली, हे विसरता कामा नये.

औषध आल्यावर रोगी घरी राहून बरा होऊ शकतो हे दिसले, आणि उपस्थात्याचे काम पहारेकऱ्याकडून पुन्हा घरच्या माणसाकडे आले. या बदलाचे मर्म आपल्या देशात आधी ओळखले ते अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांनी. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातेवाइकांस त्यांच्याबरोबर राहावयास लावले. रोग्यास औषध व नातेवाइकास शिक्षण, असा तो दुहेरी कारखाना होता. कायदा मात्र मागेच राहिला. १९१२ च्या कायद्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा १९९३ साली अमलात आला. म्हणजे विषादाची औषधे येऊन तीन तपे होत आली तरी कागदोपत्री रोगी ‘ल्युनॅटिक’च होता. आणि तंबूतले ते शिक्षणही सर्वत्र पसरले नाही. आज बाह्यरुग्णविभागात चिठ्ठी हाती पडते, नातेवाईक गोळ्या घेऊन घरी येतो, आणि पुढे काय पाहावयाचे हे त्यास बहुधा कोणी सांगितलेले नसते.

पहिली गोष्ट काळाची. तापाची गोळी तासाभरात घाम आणते. विषादाच्या गोळीस दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून: मळमळ, तोंडास कोरड, झापड किंवा उलट अस्वस्थता. या पंधरवड्यात पुष्कळ घरी गोळी सुटते. ‘हिने काही होत नाही’ असे रोगी म्हणतो, आणि सासूबाई म्हणतात, ‘नको ती नशेची गोळी.’ ही नशेची गोळी नव्हे. तिची चटक लागत नाही. पण ती एकाएकी सोडली तर चक्कर, चिडचिड, झोपेचा विचका असे प्रकार होतात. म्हणून ती डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवावी. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने ती चालू ठेवावी लागते.

याच काळाच्या पोटात सर्वांत मोठा धोका लपलेला असतो, आणि तो औषधांच्या आधीपासून अनुभवी वैद्यांस ठाऊक होता. विषादाचा भर असताना रोग्यास हात उचलण्याचेही त्राण नसते. गुण येऊ लागला म्हणजे कधी कधी अंगात शक्ती आधी येते, मनातला अंधार मागून जातो. मधल्या दिवसांत मनुष्य हिंडू-फिरू लागतो, घरचे निश्चिंत होऊन आपापल्या कामास लागतात, आणि घात त्याच वेळी होतो. तरुणांत तर अधिक सावध असावे. अमेरिकेच्या औषधनियामकांनी २००४ साली मुलांसाठी या औषधांवर ठळक इशारा छापावयास लावला व २००७ साली तो २४ वर्षे वयापर्यंत वाढविला. याचा अर्थ औषध देऊ नये असा नव्हे. पहिल्या आठवड्यांत एकटे सोडू नये, असा आहे. रोगी एकदम बेचैन झाला, रात्रभर येरझारा घालू लागला, निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर डॉक्टरास त्याच दिवशी कळवावे. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. प्रेमाने विचारल्यास रोग्यास बहुधा हलके वाटते. गोळ्यांचा मोठा साठा घरी आणू नये, कारण इमिप्रामिनच्या जातीच्या औषधांचा अतिरेक प्राणघातक ठरतो. डबी उपस्थात्याने आपल्याजवळ ठेवावी आणि गोळी डोळ्यांदेखत गिळविली जाते की नाही ते पाहावे. कुलूप फक्त गोळ्यांसच नको. विदर्भातील शेतकऱ्याच्या घरी कपाशीवर फवारावयाचे विष ओसरीवरच पडलेले असते. ते आधी हलवावे.

नागपूरकरांस एक जादा गोष्ट सांगितली पाहिजे, जी विलायती पुस्तकांतून ठळकपणे सापडावयाची नाही. येथील मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. जुन्या जातीच्या औषधांनी, म्हणजे इमिप्रामिन-अमिट्रिप्टिलिन यांनी, घाम कमी येतो. आणि घाम हाच तर उन्हाळ्यातला आपला कूलर. असा रोगी उन्हात गेला तर त्यास उष्माघात लवकर गाठतो. त्यास दुपारी घरात ठेवावे, पाणी व ताक मागितल्यावाचून द्यावे. नव्या जातीच्या औषधांनी, फ्लुओक्सेटिन वगैरेंनी, घाम उलट वाढू शकतो. आणि म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातील मीठ कमी होऊन ते गोंधळल्यासारखे करू लागतात. घरचे म्हणतात, वय झाले; वास्तविक रक्त तपासण्याची वेळ झालेली असते. म्हाताऱ्यांचीच आणखी एक खोड: रात्री लघवीस म्हणून ताडकन उठतात. जुन्या औषधांनी उठताना रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि कंबरेचे हाड मोडते. आधी खाटेवर क्षणभर बसवावे, मग उभे करावे. लघवी तुंबली, शौचास चार दिवस झाले नाही, तर तेही औषधाचेच लक्षण समजून सांगावे. तोंडाच्या कोरडीवर आमच्या प्रांताने एक उपाय काढला आहे, तो म्हणजे खर्रा. त्याने कोरड जात नाही, फक्त दुसरा रोग येतो. बडीशेप किंवा पाण्याचा घोट पुरे.

दुखण्यावरील काही गोळ्या व खोकल्याची काही औषधे यांचे विषादाच्या औषधांशी पटत नाही. तेव्हा कोणत्याही डॉक्टराकडे जाताना चालू गोळ्यांची पट्टी बरोबर न्यावी. आणि रोगी जर एकाएकी फार आनंदी झाला, झोपेवाचून ताजातवाना राहू लागला, उधळपट्टी करू लागला, तर पेढे वाटण्याची घाई करू नये. हा विषादाचा उलटा काटा असू शकतो, व अशा रोग्यास औषध बदलावे लागते.

हे सारे शिकलेल्या परिचारिकेनेच करावे असे म्हणून चालणार नाही, कारण तेवढ्या परिचारिका नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दर वीस प्रौढांमागे सुमारे एकास आयुष्यात कधी ना कधी विषाद झाल्याचे आढळले, आणि त्यांपैकी बहुतेकांस उपचार मिळालेला नव्हता. मग शिकवावयाचे कोणास? याचे एक उत्तर नागपूरच्या शेजारी अमरावती जिल्ह्यात मिळाले आहे. ‘विश्राम’ या नावाच्या प्रकल्पात तेथील ३० गावांत गावातल्याच माणसांस विषाद ओळखण्याचे, धीर देण्याचे व गरज पडल्यास डॉक्टरकडे पोहोचविण्याचे शिक्षण दिले. आरंभी विषादाच्या शंभर रोग्यांपैकी जेमतेम चार कोणाकडे मदतीस जात. दीड वर्षाने सत्तावीस जाऊ लागले. त्याचा वृत्तान्त २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात आला. शंभरांतले त्र्याहत्तर उरलेच, हेही खरे.

त्याच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा यत्न करणाऱ्यास गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला मानावयास सांगितले, आणि रोग्यास आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवण्याचा हक्क दिला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक सुरू आहे. रोग्याप्रमाणेच त्याच्या उशाशी बसणाऱ्यासही तो फिरविता येतो. फोनवर काय सांगावयाचे असा प्रश्न पडू नये म्हणून रोज रात्री चार ओळी टिपून ठेवण्याची सवय करावी: झोप किती लागली, पोळी किती खाल्ली, गोळी कोणत्या वेळी घेतली, आणि दिवसात आपण होऊन रोगी काय बोलला.